घरांतील वीस फुटांची शर्यत



मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे वळणावळणाचा मार्ग, धुळीचे लोट आणि तासन् तास चालणारी चुरस असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मी ज्या शर्यतीविषयीं बोलणार आहें तींत यांपैकीं कांहींहि नाहीं. वळण नाहीं, धूळ नाहीं, आणि प्रेक्षकानें नीट सरसावून बसावें तोंच ती संपलेली असते. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि सरळ रेषेंत ठराविक अंतर जी आधीं तोडील ती जिंकते. इंग्रजींत हिला ड्रॅग रेस असें नांव आहे. ही शर्यत आमच्या घरीं बैठकीच्या खोलींतून निघून मधल्या बोळांत शिरणाऱ्या एका बत्तीस फुटी फळीवर, तळहातावर मावणाऱ्या विजेच्या गाड्यांनीं खेळली जाते. फळींत एक अरुंद खांच असते, गाडीच्या पुढच्या बाजूची एक जीभ त्या खांचेंत उतरलेली असते, आणि खांचेच्या दोन्ही अंगांना चिकटविलेल्या तांब्याच्या पट्ट्यांतून गाडीला वीज मिळते. अशा गाडीस स्लॉट कार म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा पुतण्या एक नवी मोटर खिशांत घालून माझ्याकडे आला. "काका, ही जुन्या मोटरीच्या दीडपट फिरते," असें त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. महिन्याचे खाऊचे पैसे सांठवून त्यानें ती घेतली होती. जुन्या मोटरीवर त्याची गाडी आमचें अंतर १.९२ सेकंदांत तोडीत असे. नवी मोटर बसवून गाडी सोडली, आणि घड्याळानें आंकडा दाखविला २.०५! पुनः सोडली, पुनः तेंच. मुलाचा चेहरा उतरला. पैसे वांयां गेले, असें तो बोलला नाहीं. परंतु मला तें ऐकूं आलें. ह्या तेरा शतांश सेकंदांचा माग काढण्यांत आम्हां दोघांचे तीन रविवार गेले, आणि त्या तीन रविवारांत जें हातीं लागलें तेंच आज मला सांगावयाचें आहे. मात्र त्यापूर्वीं ह्या खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे.

सरळ शर्यतीचें माहेर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया. तेथें वाळवंटी भागांत आटून टणक झालेल्या सरोवरांचे विस्तीर्ण तळ आहेत. जुन्या गाड्या आपल्या हातांनीं सुधारून तेथें पळविणाऱ्या तरुणांच्या मंडळांनीं १९३७ सालीं आपला एक संघ स्थापन केला. पुढें १९५० सालीं सांता आना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर तिकीट लावून शर्यती होऊं लागल्या, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. अंतर रूढ झालें तें पाव मैलाचें, म्हणजे १,३२० फुटांचें; लहान मैदानांवर त्याच्या निम्मेंहि चालतें. खेळगाड्यांचा इतिहास निराळा आहे. इंग्लंडांत फ्रेड फ्रान्सिस हे 'स्केलेक्स' नांवाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या करीत असत. त्यांत विजेची मोटर घालून त्यांनीं १९५७ सालीं 'स्केलेक्स्ट्रिक' बाजारांत आणलें. दहा वर्षांच्या आंत अमेरिकेंत ह्या खेळाचें अक्षरशः वेड पसरलें, आणि मोठ्या शर्यतीची हुबेहूब लहान आवृत्ति काढण्याचा मोह तेथील हौशी मंडळींना न होता तरच नवल.

आतां अंतराचा हिशेब. गाडी मूळ गाडीच्या एक चोविसांश असेल तर पाव मैलाचे होतात ५५ फूट. एक बत्तिसांश असेल तर ४१ फूट ३ इंच. एवढी लांबी शहरांतल्या किती घरांत मिळेल? आम्हीं म्हणून मोठ्या शर्यतीचें निम्में अंतर, ६६० फूट, घेतलें. तें बत्तिसाव्या हिश्शानें २० फूट साडेसात इंच भरतें. योगायोग असा कीं, चौसष्टांश आकाराच्या अगदीं चिमुकल्या गाड्यांचा पुरा पाव मैलहि नेमका एवढाच होतो. तेव्हां एकाच फळीवर दोन्ही जातींच्या गाड्या धांवूं शकतात.

फळीसाठीं आम्हीं बारा मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा एकच तक्ता आणला. बाजारांत तो आठ फूट लांब व चार फूट रुंद मिळतो. सुतारानें त्याच्या उभ्या चार पट्ट्या कापून दिल्या कीं एक फूट रुंदीची बत्तीस फूट लांब फळी तयार होते, आणि शर्यत संपली कीं चार तुकडे पलंगाखालीं जातात. घरांतील इतर माणसांच्या दृष्टीनें ही शेवटची सोय सर्वांत मोलाची आहे. तक्त्यांत तीन मिलिमीटर रुंद व सात-आठ मिलिमीटर खोल अशा दोन खांचा, एकमेकींपासून पांच इंचांवर, राउटर नांवाच्या यंत्रानें पाडाव्या लागतात. हें काम हातानें होणार नाहीं. सुतारालाच सांगावें, आणि यंत्रापुढें सरळ पट्टी घट्ट बांधून घेण्याचा आग्रह धरावा. खांच केसाएवढी वांकली तरी धांवतांना गाडी जीभ घांसते व वेळ खाते. कडांना रंगाचे दोन हात देण्यास विसरूं नये, कारण पावसाळ्यांतली ओल उघड्या कडेनें आंत शिरली कीं हा तक्ता फुगतो आणि जोडांवर पायरी तयार होते.

वेळ मोजण्याचें काम डोळ्यांनीं करणें व्यर्थ आहे. आरंभरेषेवर व अंतिम रेषेवर अदृश्य अशा अवरक्त किरणांचा एकेक झोत आडवा सोडावा. गाडीनें तो तोडला कीं मायक्रोकंट्रोलर नांवाची एक छोटी चकती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत काळ टिपून ठेवते. हीच चकती दिवेहि लावते. मोठ्या शर्यतींत १९६३ पासून दिव्यांचा एक खांब वापरतात, त्याला नाताळाचें झाड असें म्हणतात. पिंवळे दिवे लागतात, मग हिरवा; हिरव्यापूर्वीं निघाल्यास तांबडा लागून शर्यत हरली. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा काळ हा खेळाडूच्या अंगठ्याचा, आणि हलल्यापासून अंतिम रेषेपर्यंतचा काळ हा गाडीचा. हे दोन निरनिराळे मोजले जातात, आणि ते तसे मोजल्याशिवाय गाडीविषयीं कांहींच शिकतां येत नाहीं.

गाडी म्हणाल तर अतिशय साधी वस्तु आहे. एक सांगाडा, मागें एक आंस व दोन रबरी चाकें, पुढें नांवापुरतीं दोन चाकें, पुढची जीभ, आणि जिभेच्या दोन बाजूंस तांब्याच्या तारांच्या विणलेल्या दोन वेण्या. पट्टीवर घांसत जाऊन वीज उचलणें हें ह्या वेण्यांचें काम. मोटरीच्या दांड्यावर लहान दंतचक्र, मागच्या आंसावर मोठें. आमच्या गाडींत लहानाला ९ दांत व मोठ्याला २७. म्हणजे मोटरीचे तीन फेरे तेव्हां चाकाचा एक.

मोटरीची मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुढचें सारें तिच्यावर अवलंबून आहे. पेट्रोलचें यंत्र स्थिर असतांना मुळींच जोर करीत नाहीं. म्हणून मोठ्या गाडीस क्लच लागतो, गिअर लागतात. विजेच्या मोटरीचें उलट आहे. ती थांबलेली असतांनाच तिचा जोर सर्वांत अधिक असतो. कारण असें कीं, फिरणारी मोटर ही त्याच वेळीं स्वतः वीज निर्माण करणारें यंत्रहि असते, आणि ही घरची वीज बाहेरून येणाऱ्या विजेच्या विरुद्ध दिशेनें दाब देते. मोटर जितकी वेगानें फिरेल तितका हा विरोधी दाब वाढतो व आंत येणारा प्रवाह घटतो. शेवटीं जेमतेम घर्षणापुरता प्रवाह उरला कीं वेग वाढणें थांबतें. उलट, आरंभरेषेवर मोटर स्थिर असते, विरोध करणारें कोणी नसतें, म्हणून प्रवाहाचा लोंढा येतो. शर्यतींतील सर्वांत मोठी मागणी ही त्या पहिल्या क्षणाची असते.

पहिल्या रविवारीं आम्हांला हेंच आठवलें. गाडी आरंभरेषेवर हातानें घट्ट धरून ठेवली, पुतण्यानें क्षणभरच बटण दाबलें, आणि मीं पट्ट्यांवर मीटर लावून दाब पाहिला. क्षणभरच असें मुद्दाम म्हणतों; अडवून धरलेल्या मोटरींत प्रवाह अधिक काळ सोडला तर तिची गुंडाळी जळते. भिंतीजवळच्या पेटींतून निघतांना १२ व्होल्ट असलेला दाब गाडीपाशीं अवघा ८ होता! जुन्या मोटरीला तो जवळजवळ १० मिळत होता. चार व्होल्ट वाटेंत कोणी खाल्ले?

दोष सर्वस्वी माझा होता. आमच्या खोलींत विजेचें बटण खिडकीपाशीं, म्हणजे शर्यत जेथें संपते त्या टोकाला आहे. सोय म्हणून मीं तारा तेथेंच जोडल्या होत्या. तांब्याची चिकटपट्टी दिसावयास रुंद असली तरी तिची जाडी केसापेक्षांहि कमी. पांच मिलिमीटर रुंद व ०.०३५ मिलिमीटर जाड अशा पट्टीचा रोध मीटरमागें सुमारें एक दशांश ओहम होतो. सहा मीटरांहून थोडें अधिक जाणें आणि तितकेंच परत येणें, म्हणजे सव्वा ओहम. नव्या मोटरीच्या गुंडाळीचा स्वतःचा रोध अडीच ओहम. तेव्हां बारा व्होल्टांपैकीं एक तृतीयांश वाटेंतच नाहींसे व्हावयाचे, हा सरळ हिशेब आहे. जुनी मोटर सहा ओहमांची होती. ती कमी प्रवाह मागत असे, म्हणून तिचें नुकसानहि कमी. मोटर जेवढी जोरकस तेवढी ती ह्या वाटमारीला अधिक बळी पडते. पुतण्यानें नवी मोटर आणून ही चोरी केली नव्हती. त्यानें ती फक्त उघडकीस आणली होती.

उपाय स्वस्त निघाला. घरांतील विजेच्या कामाला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तार फळीच्या खालून सबंध लांबीभर नेली, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ती पट्टीशीं डाख देऊन जोडली, आणि मुख्य तारा आरंभरेषेपाशीं आणल्या. पट्टीचे तुकडे एकावर एक नुसते चिकटवून भागत नाहीं, तेथेंहि डाख हवाच. गोंदांतून वीज कधीं जाते, कधीं जात नाहीं. एवढें झाल्यावर गाडीपाशीं पावणेबारा व्होल्ट मिळूं लागले. वाटेंत एक फ्यूज अवश्य घालावा. ह्या खेळांत बारा व्होल्टांचा धक्का कोणाला बसत नाहीं, परंतु दोन पट्ट्यांवर एखादा पेचकस आडवा पडला तर तार तापून पेटूं शकते.

आतां गाडी दीड सेकंदांत जाणार अशा खात्रीनें आम्हीं ती सोडली. वेळ आली १.९८. मागचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरलीं, फळीवर काळी रेघ उठली, आणि मग कोठें गाडी निघाली.

दुसरा रविवार त्या काळ्या रेघेचा. गाडीला पुढें ढकलतें तें मोटर नव्हे; ढकलते ती फळी. चाक फळीला मागें रेटतें व फळी चाकाला पुढें रेटते, आणि ह्या देवघेवीची मर्यादा रबराच्या पकडीनें ठरते. ती मर्यादा ओलांडली कीं चाक घसरतें, आणि घसरणाऱ्या रबराची पकड न घसरणाऱ्यापेक्षां कमी असते. म्हणजे अधिक जोर लावून अधिक हळू जाण्याची ही रीत. आम्हीं चाकें भिंगाखालीं पाहिलीं तों सांच्यांतून निघालेल्या रबराच्या मधोमध एक उंच शीर होती. सबंध रुंदीपैकीं ती शीरच काय ती फळीला टेंकत असे. फळीवर कांचकागदाचा तुकडा चिकटवून, गाडीचा पुढचा भाग धरून, मोटर अगदीं कमी दाबावर फिरवीत मागचीं चाकें त्यावर हलकेच टेंकविलीं. चार-पांच मिनिटांत रबर सपाट झालें. मग चिकटपट्टीवर चाकें दाबून धूळ काढली, व फळी ओल्या फडक्यानें पुसून वाळविली. वेळ १.७४. एका पैशाचीहि वस्तु न आणतां चोवीस शतांश! मला वाटतें, ह्या छंदांत मोटरींवर जेवढे पैसे खर्च होतात त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा वेळ जरी चाकें घांसण्यावर खर्च झाला, तरी दुकानदारांना ते दिवस वाईट जातील. सिलिकोनचीं चाकें मिळतात तीं मात्र अशीं घांसतां येत नाहींत. तीं स्वच्छ ठेवावीं एवढेंच, आणि धूळ धरण्यांत त्यांचा हात कोणी धरणार नाहीं.

त्याच दिवशीं दुपारीं वजनाकडे वळलों. आमची गाडी ८० ग्रॅमची. त्यांपैकीं मागच्या चाकांवर ४८ ग्रॅम पडत. मागच्या चाकांवरचें वजन हेंच पकडीचें भांडवल, तेव्हां तेथें शिसें ठेवावें हें ओघानेंच आलें. परंतु शिसें पकड वाढवितें तसें ओझेंहि वाढवितें. गळाला बांधतात तें शिसें ठोकून त्याचे पत्रे आम्हीं मागच्या आंसाच्या किंचित् पुढें चिकटविले. दहा ग्रॅमनीं वेळ १.६६ वर आला. वीस ग्रॅमनीं तो पुनः १.७१ वर गेला. दहाच ठेवले. शिसें हाताळल्यावर हात साबणानें धुवावे, मुलांनीं विशेषेंकरून.

येथें आणखी एक गंमत आहे. गाडी वेगानें पुढें झेपावते तेव्हां तिचें वजन आपोआप मागें सरकतें. बस एकदम सुटली कीं उभीं माणसें मागें कलतात तसेंच. हें सरकणें गुरुत्वमध्याची उंची भागिलें दोन आंसांतील अंतर ह्या प्रमाणांत असतें. आमच्या गाडीचा गुरुत्वमध्य फळीपासून १५ मिलिमीटरांवर, व आंसांतील अंतर ७५. गुरुत्वाकर्षणाएवढ्या वेगवृद्धीनें ती निघाली तर सबंध वजनाचा पांचवा हिस्सा पुढून मागें जाईल. मागच्या चाकांना हें लाभदायक. पण पुढची जीभ तितकीच हलकी होते. ती खांचेंतून उचलली गेली कीं वेण्यांचा पट्टीशीं संबंध सुटतो, वीज तुटते, नाक आपटतें, पुनः वीज, पुनः उडी. अशी बेडूकउड्या घेत जाणारी गाडी पाहावयास मौजेची, पण घड्याळाला ती मौज समजत नाहीं. मोठ्या शर्यतींतील गाड्या इतक्या लांबुडक्या कां, व त्यांच्या पाठीमागें जमिनीलगत दोन चिमुकलीं चाकें लावलेला दांडा कां, ह्याचें उत्तर हेंच. आमच्या गाडीलाहि पियानोच्या तारेचा तसा एक दांडा लावला, आणि वेण्यांचीं टोकें विंचरून किंचित् खालीं वांकविलीं.

एक प्रश्न जाणते श्रोते मनांत विचारीत असतील: तयार मिळणाऱ्या गाड्यांच्या पोटाखालीं लोहचुंबक असतो, त्याचें काय? कारखान्याच्या तयार मार्गावरील पट्ट्या लोखंडी असतात, तेथें चुंबक गाडीला खालीं ओढून धरतो आणि ओझें न वाढवितां पकड वाढवितो. तांब्यावर चुंबकाची मात्रा चालत नाहीं. आमच्या फळीवर तो नुसता भार, म्हणून आम्हीं तो काढून टाकला.

तिसरा रविवार दंतचक्रांचा. जुनी मोटर मिनिटाला सुमारें वीस हजार फेरे घेई, नवी तीस हजार. वीस मिलिमीटर व्यासाचें चाक एका फेऱ्यांत जवळजवळ ६३ मिलिमीटर जातें. तीनास एक ह्या प्रमाणानें नव्या मोटरीचा कमाल वेग सेकंदाला साडेदहा मीटर निघतो. पण आमची सबंध शर्यत सव्वासहा मीटरांची! त्या वेगाला पोंचण्यापूर्वींच फळी संपते. जो वेग कधीं गांठावयाचाच नाहीं त्याच्यासाठीं आरंभींचा जोर विकावयाचा, हा तोट्याचा व्यवहार आहे. लहान चक्र ८ दांतांचें व मोठें ३० दांतांचें घेतलें. प्रमाण पावणेचारास एक झालें, कमाल वेग आठ मीटरांच्या वर थोडा राहिला, आणि चाकावरचा जोर एक चतुर्थांशानें वाढला. वेळ १.५८. मग हांव सुटून चारास एक करून पाहिलें, तर १.६१, अखेरच्या चार फुटांत मोटरीला दम लागल्यासारखें होई. लांब फळीवर हाच हिशेब निराळा येईल. म्हणून दुसऱ्याच्या दांतांचे आंकडे आपल्या घरीं आणूं नयेत.

ह्या सर्व काळांत एक वही ठेवली होती. एका वेळीं एकच बदल, प्रत्येक बदलानंतर पांच धांवा, आणि मधली वेळ खरी मानावयाची. पुतण्याला हा नियम जाचक वाटे. एका संध्याकाळीं त्यानें मला न विचारतां चाकें, तेल व वेण्या एकदम बदलल्या. गाडी मंदावली, आणि कोणता बदल नडला हें आजहि आम्हांला ठाऊक नाहीं. तेलाविषयीं तेवढा माझा संशय आहे. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आंसाच्या टेंकणीला पुरतो. तो मोटरींतील कार्बनच्या ब्रशांपर्यंत पोंचला कीं वीज अडखळते.

मग प्रश्न उरतो: आणखी किती खालीं जातां येईल? रबराची पकड गाडीच्या वजनाएवढी धरली, सर्व वजन मागच्या चाकांवर आहे असें मानलें, आणि मोटर अनंत बलाची कल्पिली, तरी सव्वासहा मीटरांना १.१३ सेकंद लागलेच पाहिजेत. त्यापुढें गाडी घसरेल. खऱ्या गाडीला खऱ्या ६६० फुटांसाठीं ह्याच हिशेबानें ६.४ सेकंद लागतात. गाडी बत्तिसाव्या हिश्शाची झाली म्हणून काळ बत्तिसावा हिस्सा होत नाहीं; तो बत्तिसाच्या वर्गमुळानें, म्हणजे साधारण साडेपांच पटींहून थोडा अधिक, घटतो. कारण अंतर लहान झालें तरी पृथ्वीचें ओढणें लहान होत नाहीं. कांहीं हौशी लोक खेळगाडीच्या वेगाला बत्तिसानें गुणून सांगतात. तसें केलें तर आमची गाडी ताशीं साडेचारशें किलोमीटरांच्या वर सरासरी वेगानें जाते! वास्तविक ती चौदा किलोमीटरांनीं जाते, आणि कोणीहि सायकलस्वार तिला मागें टाकील. अर्थात् पकड वजनाएवढीच असावी असा कांहीं निसर्गाचा कायदा नाहीं. मोठ्या शर्यतींतील सर्वांत बलाढ्य गाड्या १,००० फूट चार सेकंदांच्या आंत तोडतात. साध्या हिशेबानें त्यांना पावणेआठांहून अधिक लागावयास हवे होते. रस्त्यावर शिंपडलेला चिकट द्रव, मऊ रबर आणि वाऱ्याच्या दाबानें गाडीला खालीं रेटणारे पंख ह्यांची ती करामत. खेळगाड्यांचे पट्टीचे खेळाडूहि मार्गाला चिकट द्रव लावतात. घरांत तो लावण्याची परवानगी मला मिळालेली नाहीं.

धांवणें झालें, थांबण्याचें काय? मोठ्या शर्यतींत सर्वांत वेगवान गाड्यांचें अंतर १,३२० वरून १,००० फूट झालें तें २००८ सालीं, एका चालकाच्या प्राणांतिक अपघातानंतर, थांबण्यास अधिक जागा मिळावी म्हणून. आमच्या फळीवर अंतिम रेषेपुढें सुमारें साडेदहा फूट उरतात. तेथील दोन पट्ट्या एकमेकींना तारेनें जोडून टाकाव्या. गाडी त्या भागांत शिरली कीं तिच्या फिरत्या मोटरीनें निर्माण केलेली वीज तिच्यांतूनच घुमते व मोटरीला मागें खेंचते. वेगळा ब्रेक लागत नाहीं. मात्र चालू भाग व हा भाग ह्यांमध्यें वेणीच्या लांबीहून मोठा असा मोकळा तुकडा सोडावा. आम्हीं पहिल्यानें नुसती बारीक फट ठेवली होती. दोन्ही वेण्या ती फट एकदम ओलांडीत, क्षणभर सबंध पुरवठा जोडला जाई, आणि दर शर्यतीला एक फ्यूज खर्ची पडे. शेवटीं भिंतीशीं एक जुनी उशी ठेवावी.

राहतां राहिली बरोबरीची गोष्ट. १.५८ ची गाडी व १.९२ ची गाडी ह्यांची शर्यत लावण्यांत काय मजा? ह्यावर अमेरिकन मंडळींनीं एक नामी तोड काढली आहे. प्रत्येकानें आपली गाडी किती वेळांत जाईल हें आधीं जाहीर करावयाचें. मंद गाडीला तेवढ्या फरकानें हिरवा दिवा आधीं मिळतो. पण जाहीर केल्यापेक्षां कमी वेळांत कोणी पोंचला तर तो हरला, म्हणजे खोटें बोलून सवलत घेण्याची सोय नाहीं. मग जिंकतो कोण? ज्याची गाडी दर वेळीं तेवढाच वेळ घेते, आणि ज्याचा अंगठा जागा आहे तो.

सध्यां आमच्या घरीं पहिला क्रमांक माझ्या वहिनींचा आहे. पुतण्यानें टाकून दिलेली जुनी मोटर त्यांच्या गाडींत आहे. त्या १.९० जाहीर करतात, आणि त्यांची गाडी १.९० व १.९२ ह्यांच्या दरम्यान पोंचते. मुलगा तिचीं चाकें घांसून देतों म्हणून मागें लागतो. परंतु आपल्या गाडीला कोणीं हात लावावयाचा नाहीं, असा त्यांचा सक्त हुकूम आहे.